संपर्क

आश्रमाच्या जुन्या साइटवर एकोणीस बटणं होती,
एक निरांजन, सारखं पेटणारं नि विझणारं,
आणि उजवीकडून डावीकडे धावणारी लाल ओळ :
२०१४ च्या उपहारास सर्वांनी यावे.
पुण्याच्या कुणा भाच्याने बनवली होती ती.
भाचा कॅनडात, पासवर्ड त्याच्यासोबत.

महंत म्हणाले, आपल्या पोथ्याही
सांकेतिक लिपीतच होत्या की शेकडो वर्षं,
पण निदान दोघातिघांना वाचता यायच्या.
हसले. मग म्हणाले, सोपं करून दे बाबू.
चष्मा नसला तरी दिसंल असं,
तू नसला तरी चालंल असं.

मी चांदूर बाजारला सातबारे काढून देतो,
पीकविमा, जातीचे दाखले, आधारची दुरुस्ती.
देवाचं काम पहिलंच.

पंधरा रात्री शटर अर्धं ओढून
बटणं कमी करत बसलो.
'आमचे कार्य' आणि 'कार्य आमचे' उघडलं की
एकच पान.
विडा अवसराच्या फोटोत मागे बकरी,
तोंडात कुणाची तरी टोपी. ती राहू दिली.
एकोणिसांची नऊ झाली, नवांची पाच.
पाचव्यापाशी अडलो.

संपर्क : वामनराव गोहत्रे, व्यवस्थापक.
वामनरावांना जाऊन सहा वर्षं झाली.
नंबर बंदच असेल, तरी लावून पाहिला.
दुसऱ्या रिंगला उचलला.
"दंडवत प्रणाम. बोला, कोठून बोलता?"

त्यांच्या बायको, चंद्रकलाबाई.
साइट जे सांगत नव्हती ते सहा वर्षं त्या सांगत होत्या.
उपहार कधी आहे, खोली मिळेल का,
म्हातारीला पायऱ्या किती चढाव्या लागतील,
मोर्शीहून शेवटची गाडी केव्हा.
फोन चुलीमागच्या कोनाड्यात, कारण टॉवर तिथेच लागतो.
शेजारी शाळेची वही, दोऱ्याला बांधलेला पेन.
फलटणचे चौघे, एकाला साखर.
जालन्याची बाई, रडत होती, नाव नाही सांगितलं.
तीच बाई. आता बरी आहे म्हणे.
महंत ज्याला मॅनेजमेंट म्हणत होते
ते इथं निळ्या शाईत चाललं होतं.

लॅपटॉप पाटावर ठेवून मी दाखवलं :
इथं दाबलं की तारीख. इथं खोली. इथं गाडी.
त्यांनी बोट पदराला पुसलं, एकदा दाबलं.
"झालं?"
झालं.
"इतलं सोपं?"
मी जरा फुगलोच.
"मंग लोक आता मले काऊन इचारतीन?"

बाहेर कुणी संत्र्याच्या पेट्यांना खिळे ठोकत होतं.
मी अपडेटबिपडेट काहीतरी पुटपुटलो,
चहा संपवला, चार्जर तिथेच विसरलो.

आता साइट नवी आहे. अक्षरं मोठी.
निरांजन काढलं, त्यावर दोन जण नाराज आहेत.
पासवर्ड तिघांकडे, आणि एका पाकिटात
महंतांच्या पेटीत, पोथ्यांच्या खाली.
संपर्कावर नाव चंद्रकलाबाईंचं.
आधी 'श्रीमती' लावू का, विचारलं.
म्हणाल्या, राहू दे, नाव पुरे.

गाड्यांचं वेळापत्रक तेवढं नाही.
डेपोतून कागद आणला होता, टाइपही केलं होतं,
मग खोडलं. तिथं एक ओळ आहे :
गाडीची वेळ फोन करून विचारावी.
परवा महंतांनी बोट ठेवलं, हे राहिलं का रे?
म्हटलं, वेळ बदलत असते, बाबा.
बदलत नाही.
मी शाळेत होतो तेव्हापासून
सहा दहालाच सुटते.